हाताला हुकूम कोण देतो?



बैल लंगडू लागला म्हणजे आपण पहिल्याने त्याचा खूर उचलून पाहतो. काटा रुतला आहे का, खडा अडकला आहे का, नाल सैल झाली आहे का, हे बघतो आणि बहुधा दोष तिथेच सापडतो. माणसाचा पाय ओढू लागला, हातातून विळा गळू लागला म्हणजेही आपण तसेच करतो. तेल चोळतो, विटेने शेकतो, जडीबुटी बांधतो. पण माणसाच्या बाबतीत दोष पुष्कळदा त्या पायात किंवा हातात नसतोच. हात धडधाकट असतो, त्याला हुकूम देणारा आजारी पडलेला असतो. तो हुकूम देणारा कवटीच्या आत बसला आहे. त्याचे काम कसे चालते आणि ते कोठे बिघडले हे घरच्या माणसाला कसे ताडता येईल, हे या वेळी पाहू.

आधी एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्या शरीरातल्या काही हालचाली आपल्याला न विचारता चालतात. हृदय धडधडते, आतडी अन्न पुढे ढकलतात. धुऱ्यावर चालताना बाभळीचा काटा टोचला की पाय आपोआप वर उचलला जातो. तो हुकूम कण्यातील मज्जारज्जूच देऊन मोकळा होतो, मेंदूला खबर नंतर पोहोचते. पण पऱ्हाटीचे बोंड पाहून हात पुढे करणे, पाकळ्यांना न लागता बोटांनी कापूस ओढणे, तो ओटीत टाकणे, ही इच्छेने केलेली हालचाल होय. ती मेंदूवाचून होत नाही. एका बोंडाच्या वेचणीला मेंदूचे तीन-चार भाग एकदम कामाला लागतात. वेचणाऱ्या बाईला मात्र त्याची गंधवार्ता नसते. ती शेजारणीशी बोलत पुढच्या झाडाकडे सरकलेली असते.

या भागांपैकी पहिला म्हणजे हुकूम सोडणारा पट्टा. डोक्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ओढणीची कड ठेवली, तर तिच्याखाली साधारण ज्या जागी मेंदूचा पृष्ठभाग येईल तेथे हा पट्टा आहे. १८७० साली जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या या भागाला विजेचा अगदी सौम्य स्पर्श केला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. त्याआधी मेंदूच्या पृष्ठभागाचा हालचालीशी संबंध नाही असे मोठमोठे विद्वान समजत होते. पुढे कॅनडातील माँट्रिअल येथे डॉ. पेनफिल्ड यांनी फेफऱ्याच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करताना, रोगी जागा असतानाच, हा पट्टा बोट-बोट तपासला आणि त्याचा नकाशा काढला. १९३७ साली तो प्रसिद्ध झाला. या नकाशात माणूस उलटा टांगलेला आहे. पाय टाळूजवळ, हात बाजूला, तोंड आणि जीभ कानाच्या वर. त्यातही जागेची वाटणी मोठी गमतीची आहे. सगळ्या पाठीला थोडकी जागा, आणि एका अंगठ्याला तिच्याहून कितीतरी जास्त. जिथे काम बारीक तिथे जमीन जास्त, असा तो हिशोब. ओठ आणि जीभ यांनाही मोठा वाटा मिळाला आहे, कारण बोलणे ही माणसाची सर्वांत बारीक हालचाल आहे.

डावा मेंदू उजव्या अंगाला चालवतो आणि उजवा मेंदू डाव्या अंगाला. हे वाचून पुष्कळांना नवल वाटते. हुकूम वाहून नेणाऱ्या तंतूंपैकी बहुतेक तंतू मानेच्या वर, कवटीच्या तळाशी लंबमज्जा म्हणून जो भाग आहे तेथे बाजू बदलतात. पायाकडे जाणारा एकेक तंतू टाळूजवळच्या पेशीपासून कमरेपर्यंत दोन फूट अखंड चालतो. तेथे तो दुसऱ्या पेशीला निरोप देतो आणि तिचा तंतू पायाच्या स्नायूपर्यंत जातो. म्हणजे टाळूपासून अंगठ्यापर्यंतच्या वाटेवर पाळी बदलण्याची मुख्य जागा एकच.

आता यातील धोक्याची जागा पाहू. पट्टा रुंद आहे, पण तेथून निघालेले तंतू खाली उतरताना मेंदूच्या मध्यभागी एका अरुंद खिंडीत गोळा होतात. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. खाली सपाटीवर एक रस्ता बंद झाला तर माणूस दुसऱ्या वाटेने जातो, पण घाटात एक ट्रक आडवा झाला की दोन्हीकडची गाडी जागची हलत नाही. मेंदूतील ही खिंड तशीच आहे. तेथे जाणाऱ्या एका बारीक रक्तवाहिनीत हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान गुठळी अडकली, तर चेहरा, हात, पाय असे अर्धे अंग एका क्षणात पडते. यालाच आपण लकवा म्हणतो. इतक्या लहान जागेने इतके मोठे अंग कसे पाडले, हे न कळल्यामुळेच वारे गेले, बाहेरचे लागले, असल्या समजुती निघाल्या.

लकव्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण येथे उशीर फार महाग पडतो. रक्त बंद झालेल्या भागात दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख पेशी मरतात असा तज्ज्ञांनी हिशोब मांडला आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. पण ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितका गुण अधिक. ते देण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावाच लागतो. कारण काही लकवे गुठळीने होतात तर काही रक्तवाहिनी फुटून होतात, आणि फुटलेल्या ठिकाणी रक्त पातळ करणारे औषध दिले तर रोगी हातचा जातो. म्हणून घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. पाणी, दूध, काढा काहीही पाजू नये, गिळण्याचे स्नायू पडलेले असल्यास ते फुप्फुसात जाते.

ओळखायचे कसे? रोग्याला हसायला सांगावे, तोंड एकीकडे ओढते का ते बघावे. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगावे, एक हात खाली येतो का पाहावे. एखादे सोपे वाक्य बोलायला लावावे. या तिन्हींपैकी एक जरी बिघडलेले दिसले तरी १०८ ला फोन करावा किंवा गाडी काढावी. उजवे अंग पडले तर वाचाही गेलेली असते असे पुष्कळदा दिसते, कारण बहुतेकांच्या वाचेचे स्थान डाव्या मेंदूतच आहे. अशा माणसाला वेडा झाला समजू नये. त्याला बरेच कळत असते, फक्त शब्द सापडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवून निघावे, ती म्हणजे रोगी शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील. पहाटे उठतानाच अंग पडलेले आढळले, तर रात्री किती वाजता बोलून झोपला होता ते सांगावे. आपल्या भागातून नागपूर गाठायचे की छिंदवाडा, हे ज्याच्या त्याच्या गावावर आहे. पण निघतानाच फोन करून सीटी स्कॅनचे यंत्र चालू आहे ना, याची खात्री करून घ्यावी. बंद यंत्राच्या दारात गेलेला तास परत मिळत नाही.

आपल्याकडे लकव्यावर कबुतराचे रक्त चोळण्याचा उपाय अजून चालतो. वर जे सांगितले त्यावरून वाचकांनीच ठरवावे. गुठळी मेंदूत, रक्त चोळायचे दंडावर! चोळण्याने अपाय होतो असे नाही, अपाय होतो तो त्यात गेलेल्या दिवसांनी. कबुतर आणायला आणि जाणकार गाठायला जो वेळ लागतो त्यात इंजेक्शनची वेळ टळून गेलेली असते. जो रोगी पुढे आपोआप थोडा सुधारतो, त्याचे श्रेय मात्र कबुतराला मिळते.

आणि सुधारणा होते, हे खरे आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी त्यांचे काम काही अंशी उचलतात. अट एवढीच की पडलेल्या हाताला काम मिळाले पाहिजे. घरचे लोक प्रेमाने सारे काही हातात देतात, रोगीही चांगल्या हाताने भागवून घेतो आणि आजारी हात मेंदूच्या लेखी नाहीसाच होतो. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडून व्यायाम शिकून घ्यावा आणि घरी तुरीच्या शेंगा सोलणे, दोरीला गाठी मारणे, ताटातील ज्वारी चिमटीने उचलणे अशी कामे त्याच हाताला द्यावी. दिवसातून पुष्कळदा, थोडी थोडी. रोग्याला उठवताना पडलेल्या हाताला धरून ओढू नये, खांदा निखळतो.

आता आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, हे दूरदेशीच्या लोकांनाही वर्तमानपत्रांवरून ठाऊक झाले आहे. पळसाचे झाड मधोमध रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन्ही बाजूंनी दगड चालतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर काहींचे प्राणही गेले आहेत. ही रीत चालावी की बंद व्हावी, यावर पुष्कळ बोलून झाले आहे. येथे फक्त डोक्याला लागलेल्या दगडाचे सांगावयाचे आहे. तोच दगड बैलाच्या लाथेने, झाडावरून पडल्याने, मोटारसायकल घसरल्यानेही लागतो.

कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या अंगाने एक धमनी जाते. तेथे मार बसला तर माणूस क्षणभर बेशुद्ध पडतो, मग उठतो, पाणी पितो, बोलतो. सगळ्यांना वाटते, चला, निभावले. पण आत फाटलेल्या धमनीतून रक्त हाड आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये साचत असते. दोन तासांनी, कधी सहा-आठ तासांनी तो दाब हुकूम सोडणाऱ्या पट्ट्यावर आणि खालच्या भागावर पडतो. डोके असह्य दुखते, उलट्या होतात, माणूस गुंगीत जातो. मार लागलेल्या बाजूच्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि बहुधा विरुद्ध बाजूचा हात-पाय ढिला पडतो. घरचे म्हणतात, दमला आहे, झोपू द्या. ती झोप नव्हे. या वेळी कवटीला भोक पाडून रक्त काढले तर असा माणूस पुन्हा पहिल्यासारखा वखर धरतो. दोन-चार तास चुकले तर धरत नाही. रक्त वाहणारी मोठी जखम दिसायला भयंकर असते म्हणून तिच्याभोवती माणसे जमतात. ज्याच्या कानशिलावर नुसते टेंगूळ आले तो मात्र एकटाच घरी चालत जातो. डोक्याला जबर मार लागलेल्या कोणालाही पहिली रात्र एकटे ठेवू नये. मधूनमधून जागे करावे, नाव विचारावे, दोन्ही हातांनी बोटे दाबायला सांगावे, दिव्याच्या उजेडात दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का पाहावे. दारू प्यालेल्या माणसाबाबत तर दुप्पट सावध राहावे, कारण त्याची गुंगी दारूची की रक्ताची हे बाहेरून सांगता येत नाही.

लकवा आणि मार यांनी हुकमाची वाट तुटते. तीच वाट अन्नातूनही तुटू शकते. शेतकऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे, म्हणून लाखोळीची हकिकत सांगतो. लाखोळी, कोणी लाख म्हणतात, छत्तीसगडात तिवरा, उत्तरेला खेसारी. धान निघण्याआधीच त्याच्या ओलीत फेकून दिली की हे कडधान्य कसलीही निगा न घेता वाढते. पाऊस गेला, गहू-हरभरा बुडाला, तरी लाखोळी उभी राहते. म्हणून ती गरिबाची सोबतीण, आणि म्हणूनच घातकही.

आपल्याच प्रांतातील सागर जिल्ह्यात १८२९ पासून लागोपाठ गव्हाची पिके बुडाली आणि लोकांनी ही डाळच भाकरीसारखी खाल्ली. १८३३ पासून तेथील तरुण माणसांचे पाय जाऊ लागले. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून जो स्लीमन साहेब प्रसिद्ध आहे, त्याने ही हकिकत लिहून ठेवली व १८४४ साली ती त्याच्या पुस्तकात छापली गेली. पुढे रीवा भागात शतकभर हेच दिसले. तेथे मालक सालदारांना मजुरीच लाखोळीत देत, आणि सालदार ते न खाऊन करणार काय? दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधील वाप्न्यार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना घोड्यांसाठी ठेवलेली हीच डाळ खायला घातली. तेथे कैदी असलेल्या डॉ. आर्थर केस्लर यांनी आजार ओळखला. तोवर शेकडो कैद्यांचे पाय अधू झाले होते.

या आजारात जे होते त्यावरून मेंदूची रचना जणू कोणी फळ्यावर काढून दाखवावी तशी स्पष्ट होते. बुद्धी शाबूत, वाचा शाबूत, हातांना फारसे काही नाही, पायाला काटा टोचला तर कळतो. फक्त पाय लाकडासारखे ताठतात. चालताना गुडघे एकमेकांवर घासतात, कैचीसारखे पाय आडवे पडतात, टाच टेकत नाही. आधी एक काठी, मग दोन काठ्या, मग बसल्या बसल्या सरपटणे. पायाचे स्नायू तसेच आहेत, पण टाळूजवळून पायाकडे जाणारे ते लांब तंतू जळाले आहेत. सर्वांत लांब तंतूच आधी का जातात, हे कोडे अजून पुरते उलगडलेले नाही. विष मात्र सापडले आहे. १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, आदिगा आणि शर्मा यांनी ते वेगळे काढले. एक पेशी दुसऱ्या पेशीला ज्या रसायनाने निरोप देते, त्याचेच सोंग हे विष घेते आणि पेशीला इतकी चेतवते की ती थकून मरते.

येथे भीती घालण्याचा हेतू नाही. कधीमधी भाजी-डाळीत लाखोळी खाणाऱ्याला हा आजार होत नाही. दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली, सोबत दुसरे धान्य नाही, अशाच वेळी तो होतो. दुष्काळात दाण्यातील विषही वाढते, म्हणजे ज्या वर्षी खावी लागते त्याच वर्षी ती जास्त वाईट. १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली. काही राज्यांनी ती लागू केली, काहींनी केली नाही. लाखोळी मात्र बेसनात आणि तुरीच्या डाळीत मिसळून विकली जातच राहिली. दाणा ओळखण्यास सोपा आहे. तो हरभऱ्यासारखा गोल नसून कुऱ्हाडीच्या पात्यासारखा कोनदार असतो. आता कमी विषाचे वाण निघाले आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘रतन’ आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ ही नावे लक्षात ठेवावी. जुने बियाणे घरी असल्यास डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे, विषाचा मोठा भाग त्याबरोबर जातो. पीठ करून भाकरी भाजल्यास तो जात नाही. एकदा ताठलेले पाय पूर्ववत होत नाहीत, पण डाळ सोडली म्हणजे आजार सहसा पुढे सरकत नाही.

मेंदूचा आणखी एक भाग मागे, मानेच्या वर आहे. त्याला लहान मेंदू म्हणतात. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाइतका, पण मेंदूतील चेतापेशींपैकी सुमारे ८० टक्के त्यातच दाटलेल्या आहेत. हा स्वतः हुकूम देत नाही, दिलेल्या हुकमाचे माप बघतो. हात किती पुढे जावा, कोठे थांबावा, दोन्ही पाय कोणत्या तालात पडावे. नव्या गोऱ्ह्याला जुवाची सवय लावताना तो आधी वेडावाकडा ओढतो आणि काही दिवसांनी तासाला लागतो. तसे सवयीने शिकणेही याचेच काम. हा बिघडला तर शक्ती कमी होत नाही, माप चुकते. माणूस कप धरायला जातो तर हात पुढे निघून जातो, पाय फाकून झिंगल्यासारखा चालतो. दारू येथेही चढते, म्हणून ती चाल तशी दिसते, आणि वर्षानुवर्षे पिणाऱ्याची ती चाल शुद्धीतही कायम होते. आपल्या भागासाठी दुसरे कारण महत्त्वाचे आहे, ते म्हणजे वैशाखातील उष्माघात. लहान मेंदूतील मोठ्या पेशींना ताप मुळीच सोसत नाही. ऊन लागून बेशुद्ध झालेला माणूस वाचतो, पण कधी कधी बोलणे अडखळते आणि तोल जातो तो जातोच. म्हणून असा माणूस सापडला तर गाडी येईपर्यंत वाट पाहू नये. सावलीत घेऊन अंगावर सतत पाणी ओतावे, वारा घालावा.

शेवटचा भाग मोठ्या मेंदूच्या तळाशी खोल आहे. तेथे करड्या रंगाच्या काही गाठी आहेत, डॉक्टर त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. हालचाल सुरू कधी करावी, कोणती करावी, कोणती दाबून ठेवावी, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. त्यांच्या खाली एक काळसर पट्टा आहे. त्यातील पेशी डोपामीन नावाचे रसायन बनवून वर पाठवतात. यंत्राला वंगण हवे तसे या गाठींना डोपामीन हवे. त्या पेशी झडू लागल्या की कंपवात होतो. १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा आजार असेही म्हणतात.

तो म्हातारपण समजून सोडून दिला जातो, हे वाईट. लक्षणे पाहा. हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो, अंगठा आणि बोट जणू तंबाखूची गोळी वळत आहेत असे. काम करायला घेतले की थरथर कमी होते. सुरुवात एकाच बाजूने होते. चालताना एक हात झुलत नाही. सही बारीक होत जाते. चेहऱ्यावरचे हसू मावळते, घरच्यांना वाटते बाबा रागावले आहेत. ज्याचा हात कप उचलतानाच थरथरतो आणि बापाचाही तसाच थरथरत असे, त्याचा आजार बहुधा निराळा आणि सौम्य असतो. आणखी एक कारण पुष्कळांना माहीत नसते. चक्कर आणि मळमळ यांवरच्या काही गोळ्या, जसे सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिन, मेटोक्लोप्रमाइड, महिनोन्महिने घेतल्या तर डोपामीनचे काम अडते आणि हुबेहूब कंपवात दिसू लागतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावी.

शेतकऱ्याने या आजाराकडे विशेष लक्ष देण्याचे कारण असे. १९८२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज एकाएकी लाकडासारखे ताठ झाले. डॉ. लँग्स्टन यांनी शोध घेतला तेव्हा त्यांच्या भेसळीच्या नशेत एक रसायन सापडले. शरीरात जाऊन ते ज्या रूपात त्या काळ्या पट्ट्याच्या पेशी मारते, ते रूप पॅराक्वाट या तणनाशकाशी रचनेने मिळतेजुळते आहे. तेव्हापासून शेतीच्या औषधांकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांत कंपवात सुमारे अडीचपट आढळला. कारण पुरते सिद्ध झाले नाही असे कंपन्या म्हणतात. युरोपीय संघाने मात्र पॅराक्वाट २००७ सालापासून बंद ठेवले आहे. संत्र्याच्या बगीच्यात आणि पऱ्हाटीच्या ओळीत गवत जाळायला आपण तणनाशके मारतो. निंदणाची मजुरी परवडत नाही हे खरे, पण डवऱ्याचा फेर जिथे चालतो तिथे तोच द्यावा. मारणे भागच पडले तर हातमोजे, बूट, तोंडावर धुतलेला पट्टा घालावा, वाऱ्याकडे पाठ करावी, आणि गळक्या पंपाने मुळीच मारू नये. पाठीवरून गळणारे औषध कातडीतून आत जाते.

उपचार आहे. लेव्होडोपाच्या गोळ्यांचे मेंदूत डोपामीन होते. नवलाची गोष्ट अशी की हेच द्रव्य आपल्या रानातील खाजकुयलीच्या बियांत आहे. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी यांनी त्या बियांतून ते वेगळे काढले, आणि १९७८ साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रोग्यांवर त्या बियांच्या चूर्णाचा अनुभव प्रसिद्ध केला. तरी रानातून बिया आणून कुटून देऊ नये. एका बीत किती द्रव्य आहे ते सांगता येत नाही, आणि गोळी चालू असताना वरून बिया दिल्या तर माणूस भलतेच हातवारे करू लागतो किंवा उठताना कोसळतो. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, घड्याळ लावून द्यावी; दूध-डाळीबरोबर घेतली तर कमी लागू पडते. एकदम बंद कधीही करू नये.

या रोग्यांना दारातून बाहेर पडताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. ओढू नये, ढकलू नये, घाई करू नये, त्याने तोल जातो. स्वतःहून पाऊल टाकण्याची वाट बंद झाली असली तरी डोळ्यांनी पाहून टाकण्याची वाट बहुधा खुली असते. सपाट अंगणात अडणारा माणूस सरी ओलांडत वावरात चालू शकतो. म्हणून उंबऱ्यापासून अंगणापर्यंत चुन्याच्या आडव्या रेघा ओढाव्या, एकेका पावलाच्या अंतरावर, आणि रोग्याला ‘चला’ न म्हणता ‘ही रेघ ओलांडा, आता ती ओलांडा’ असे म्हणावे. पावसाने पुसल्या की पुन्हा ओढाव्या.